कळलावीचे दोन खड्डे

मुलींचं वसतिगृह, औरंगाबाद
२६ फेब्रुवारी १९६६

जाहेदा,

तुझा हैदराबादचा पत्ता तुझ्या अम्मीनं, जहांआराखालांनी दिला. मी शहागंजात तुमच्या जडीबुटीच्या दुकानावर गेले तेव्हा तुझे अब्बा, कमरोद्दीनचाचा, हिरड्याची पुडी बांधत होते. मला पाहिलं आणि बांधलेली पुडी सोडून पुन्हा बांधायला लागले. गेल्या तीन वर्षांत त्यांनी मला "आओ बेटी" म्हटल्याशिवाय कधी पायरी चढू दिली नव्हती. खालांनी मागच्या दारानं चिठ्ठी हातात कोंबली आणि म्हणाल्या, "खत लिखना, मगर इत्ते जल्दी जल्दी नक्को. मेरे भाई के घर में सब पढ़ते." तुझ्या मामांना मराठी वाचता येत नाही हे बरं झालं. तुलाही आली नसती, पण मी पहिल्या वर्षी रोज एक धडा गिरवून घेतला.

असो. मी भांडायला बसले आहे, उपकार मोजायला नाही. पण आज दोन्ही एकच होणार असं दिसतंय.

बुधवारी प्राचार्यांनी बोलावलं. टेबलावर आपल्या दोघींच्या हर्बेरियमच्या फाईली उघडून ठेवल्या होत्या. बाजूला वनस्पतिशास्त्राचे लाठकर सर उभे होते, खिडकीबाहेर बघत. प्रॅक्टिकलला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी दोन्ही फाईली शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांना दिसलं, की सुकवून चिकटवलेली तीसच्या तीस झाडं तीच, तारखा त्याच, गावंही तीच. पहिल्या पानावर इंग्रजी मजकुराखाली दोघींची सही: 'ही सर्व झाडे मी स्वतः जमा केली आहेत.' मला वाटलं, आता तुलाही बोलावतील आणि दोघी मिळून काय ते सांगू. तेवढ्यात प्राचार्यांनी तुझा जबाब वाचून दाखवला.

"मनकर्णा माझ्याकडे अभ्यासाला येत असे. माझ्याजवळ जादा सुकवलेली झाडे होती. ती तिने मला न विचारता नेली."

मी म्हणाले, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचला. खाली तुझी सही होती, 'द'च्या शेपटीला गाठ मारलेली. ती गाठ मारायला तुला मीच शिकवली होती.

मग पुरावे. दोन्ही फाईलींतली नावांची लेबलं तुझ्या अक्षरात. सगळी झाडं उर्दू वर्तमानपत्रात दाबलेली. ओल्या पानांनी शाई ओढून घेतली आणि जाड कागदावर उलटी उर्दू अक्षरं उमटली. माझ्या घरी उर्दू पेपर येत नाही, तुझ्या दुकानात त्याची चवड असते. आणि शेवटचं प्राचार्य स्वतःच म्हणाले, की पंसाऱ्याच्या मुलीला झाडपाला माहीत असणार हे उघड आहे. जाहेदा, तुझ्या अब्बांच्या बरण्यांमधली मुळं मेलेली असतात. जिवंत गुळवेल तू पहिल्यांदा माझ्या पिशवीत पाहिलीस आणि विचारलंस, "हा वेल आहे की साप?"

मला खुलासा द्यायला सांगितलाय. २५ मार्चला समिती बसणार. निकाल माझ्याविरुद्ध गेला तर दोन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही. आणि दोन वर्षं मला कोण ठेवतंय इथं? बाबा काल येऊन गेले. जंगलखात्यातला माणूस, कचेरीला घाबरतो. एवढंच म्हणाले, "मने, ह्या साली निकाल नाय लागला तं वैजापूरचं स्थळ पक्कं करावं लागंल. तुझ्या मायला मी थांबवलंय, पण कवर थांबवू?"

तू फक्त प्राचार्यांना एक ओळ लिही, की मनकर्णानं चोरी केली नाही. बाकी काही लिहू नकोस. 'झाडं कुणी आणली' हेसुद्धा लिहू नकोस.

आठ दिवस वाट बघते.

मनकर्णा


औरंगाबाद
५ मार्च १९६६

जाहेदा,

आठ दिवस झाले.

वसतिगृहाच्या स्वयंपाकीण सारजाबाई रोज टपालवाल्याला माझ्यासाठी विचारतात. आज त्यांनीच मला विचारलं, "कोन गं ही जाहेदा? एवढी वाट तं माह्या नवऱ्याची पन मी नाय पाह्यली." सगळ्या हसल्या. मीही हसले, मग मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

खुलासा तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. का फाडला, तेही सांगते. मी खरं लिहायला लागले, की सोयगावच्या वरच्या घाटातून, ओढ्याकाठून, आमच्या शिवारातून सगळी झाडं मी आणली, तर पुढचं वाक्य आपोआप येतं: दोन दोन आणली. एक माझ्यासाठी, एक तुझ्यासाठी. मी लाठकर सरांना आडून आडून विचारलं, की एखादीनं दुसरीला झाडं दिली असतील तर? सर म्हणाले, "नियम स्पष्ट आहे. देणारी आणि घेणारी, दोघींना सारखीच शिक्षा." म्हणजे बघ, मी खोटी ठरले तर मी बुडते. खरी ठरले तर दोघी बुडतो. तू मात्र आधीच काठावर जाऊन बसलीस.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार? इथल्या मुली विचारतात, ती तुझी एवढी मैत्रीण आणि असं कसं लिहून गेली? मला राग येतो आणि त्यांच्यापुढे तुझी बाजूही घ्यावीशी वाटते, आणि मग स्वतःचाच जास्त राग येतो.

मागच्या पत्रात उपकाराचा सूर लावला होता, त्यातला थोडा परत घेते. तू रडलीस, अब्बा डोंगरावर जाऊ देत नाहीत म्हणालीस, म्हणून मी तुझी झाडं आणली, असं मी दहा दिवस मनाशी घोकतेय. तसं झालं नव्हतं. तू फक्त म्हणालीस, "इस बार मेरा हर्बेरियम नहीं होता मन्नू, नापास होती मैं." मीच म्हणाले, घाबरतेस काय, मी दोन दोन आणते, तू माझी लॅटिन लेबलं लिही. माझं इंग्रजी अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तू तीस लेबलं माझी लिहिलीस, तीस तुझी. रद्दी तू दिलीस, दाबायला तुमच्या दुकानातला खलबत्ता घेतला. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या गावात एकीची भाकरी आणि दुसरीचं कालवण असंच चालतं. सही करतानासुद्धा मी तो मजकूर नीट वाचला नव्हता. तू वाचला होतास. तुला इंग्रजी येतं.

शेवटी चौथा खुलासा दिला. त्यात एवढंच लिहिलं: 'मी झाडे चोरली नाहीत. माझ्या फाईलमधील कोणतेही एक झाड निवडावे. ते मी कोठून काढले ती जागा दाखवते.' तुझं नाव कुठंच नाही.

सरांनी कळलावी निवडली. म्हणाले, फूल तर कुणीही दाखवील, श्रावणात अर्धा डोंगर तिनं पेटलेला असतो. मार्चमध्ये वेल वाळून जातो, जमिनीखाली नुसता कंद राहतो. "जिनं स्वतः खणलाय, तिलाच आता जागा सापडेल." पुढच्या रविवारी जायचं.

अजून वीस दिवस आहेत. लिही.

मनकर्णा


सोयगाव
१४ मार्च १९६६

जाहेदा,

हे पत्र नीट वाच. घाईत मिटवू नकोस.

काल सर पहाटेच्या एस.टी.नं निघून आले. डोक्याला उपरणं, पायात कॉलेजचेच बूट. बाबांनी त्यांच्यासाठी स्वतःच्या खाकी कपड्यांना इस्त्री केली होती, जणू मोठा साहेब पाहणीला येतोय. मायनं भाकरी बांधून दिली. तुला माझी माय माहीत आहे, भागूबाई सुईण. तू तिला एकदाच भेटलीस आणि तिनं तुझी नाडी बघून सांगितलं होतं, की ही पोर दिसते तेवढी भित्री नाय. तिचा अंदाज पहिल्यांदा चुकला.

घाटात चढलो. ऊन कडक, डोंगर सगळा पिवळा. मला जागा माहीत होती, पण भरवसा नव्हता. सात महिन्यांत कुणी खणलं असेल, गुरांनी तुडवलं असेल. करवंदीची ती मोठी जाळी आठवते का? तुला कुठून आठवणार, तू आलीच नव्हतीस. मी तुला तिचं इतकं वर्णन केलंय, की कधी कधी वाटतं तू होतीस.

जाळीत वाकून शिरले आणि मला ती ताटं दिसली.

ज्वारीची दोन ताटं. गुडघाभर वाढलेली, वाळून कडक झालेली, हातभर अंतरावर. काट्यांच्या आत असल्यानं गुरांचं तोंड पोचलं नव्हतं. डोंगरावर, करवंदीच्या जाळीत, जिथं कुणी कधी पेरत नाही, तिथं.

तुला हे मी कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही वाटलं नाही. माय जमिनीतून कुठलाही कंद, कुठलंही मूळ काढते तेव्हा त्या खड्ड्यात चार दाणे ज्वारी टाकते आणि वरून माती लोटते. "भुईचं घेतलं तं भुईला काईतरी द्यावं, मोकळा खड्डा ठेवू नाय." लहानपणापासून माझ्या हाताला ती सवय आहे. श्रावणात खणलं तेव्हाही कनवटीचे दाणे टाकले होते आणि विसरून गेले होते.

मी सरांना हाक मारली. पहिल्या ताटाजवळची माती उकरली. शेजारीच, मी तेव्हा सोडून दिलेला एक कंद निघाला, नांगराच्या फाळासारखा वाकडा, आतून जिवंत. सरांनी तो हातात घेतला, भिंगातून पाहिला, आणि ते हसले. इतक्या दिवसांत माझ्याकडे बघून हसलेला पहिला माणूस. मग त्यांनी विचारलं, "ही ज्वारी इथं कशी?"

मी मायची रीत सांगितली. बाबांनी मान डोलावली. "व्हय साहेब, आमच्या घरात असंच हाय. लई जुनं." सरांना ते इतकं आवडलं, की त्यांनी वही काढून लिहूनच घेतलं. म्हणाले, "मनकर्णा, यापेक्षा मोठा पुरावा कुठला? चोरणारी खड्ड्यात दाणे टाकायला येत नाही."

मला रडू आलं. खरं सांगते, तिथंच बसून रडले.

आणि मग सरांचं लिहिणं थांबलं. त्यांनी दुसऱ्या ताटाकडे पाहिलं.

"हे दोन का?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. माझ्या जिभेवर तयार होतं, की पहिला कंद तुटला म्हणून दुसरा काढला. इतकं सोपं होतं. पण ज्या माणसानं एवढ्या उन्हात बूट झिजवून माझ्यावर विश्वास ठेवला, त्याला पहिल्याच प्रश्नाला खोटं सांगवेना. मी म्हणाले, "एक माझी सर, एक जाहेदाची."

सर खाली दगडावर बसले. बाबा उगीच काटे बाजूला करत राहिले. मग सर उठले, जाळीत हात घातला, हाताला ओरखडे आले तरी घातला, आणि त्यांनी एक ताट मुळासकट उपटून दरीच्या बाजूला फेकून दिलं.

"मी एकच प्रश्न घेऊन आलो होतो," ते म्हणाले. "तू तुझं झाड काढलंस की नाही. त्याचं उत्तर मला मिळालं. दुसरं मला कुणी विचारलेलं नाही."

उतरताना ते माझ्यापुढे चालत राहिले. वही खिशात घालायची विसरून हातातच धरली होती. जाहेदा, त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा खोटं केलं असावं, आणि ते आपल्यासाठी केलं. माझ्यासाठी.

अजून अकरा दिवस आहेत. तू स्वतः लिहिलंस तर सरांना हे पोटात ठेवावं लागणार नाही. मी तुझ्यावर चिडलेली आहे आणि तुझी वाटही बघते आहे, दोन्ही एकदम.

मनकर्णा


औरंगाबाद
२६ मार्च १९६६

जाहेदा,

तुझं कार्ड पोचलं.

गुरुवारी दुपारी पोचलं, समितीच्या आदल्या दिवशी. सारजाबाईंनी धावत आणून दिलं. आता तुला वाटेल, मग उत्तराला दोन दिवस का लागले? सांगते. क्रमानं सांगते, म्हणजे मला मधलं काही गाळता येणार नाही.

तू लिहिलंस, "मन्नू, जबाब लिहिताना अब्बा समोर बसले होते. ते म्हणाले, तू दुसऱ्याची झाडं लावलीस असं निघालं तर शहागंजात मी दुकान कसं उघडू? त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. मला माफ करू नकोस. इथं माझं लग्न ठरवलंय, परीक्षेला पाठवतील असं वाटत नाही, तरी मामीनं पाठवायचं कबूल केलंय. तू समितीला सगळं खरं सांगून टाक. हे कार्डही दाखव. जी शिक्षा होईल ती दोघी मिळून भोगू."

उघडं कार्ड, मराठीत, तुझ्या त्या काळजीपूर्वक अक्षरात. मी ते किती वेळा वाचलं ते मोजलं नाही. महिनाभर मी ज्याची वाट पाहिली ते हेच होतं. मायचा अंदाज चुकला नव्हता, मीच चुकले होते. मी ठरवलं, उद्या कार्ड दाखवायचं. रात्री सुखानं झोपले.

शुक्रवारी समितीपुढे गेले तेव्हा कार्ड माझ्या वहीत होतं. प्राचार्य, दोन प्राध्यापक, लाठकर सर. बाहेर बाकावर बाबा, इस्त्रीच्या त्याच खाकी कपड्यांत. सरांचा अहवाल वाचून झाला. ज्वारीच्या ताटाचं ऐकून प्राचार्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा माणसासारखं पाहिलं. लेबलांचा आणि उर्दू कागदांचा विषय कुणी पुन्हा काढलाच नाही. मग ते म्हणाले, "अहवालात एका खड्ड्याची नोंद आहे. तू एकच झाड काढलंस?"

सर टेबलाकडे बघत होते. त्यांच्या हातावरचे ओरखडे अजून दिसत होते.

मी मनाशी म्हणाले, आता कार्ड काढ. आणि मला सोमवारचा परीक्षेचा पेपर दिसला, बाकावरचे बाबा दिसले, आणि वैजापूरचं ते घर, जे मी अजून पाहिलेलंसुद्धा नाही. मी 'हो' म्हणाले.

"मग त्या दुसऱ्या मुलीच्या फाईलमधलं झाड कुठून आलं?"

"मला माहीत नाही."

"तुझ्याजवळ जादा सुकवलेली झाडं होती?"

"होती."

"ती तिनं तुला न विचारता नेली असतील?"

शब्द न् शब्द तुझेच, जाहेदा. फक्त नावांची अदलाबदल. मी म्हणाले, "असतील."

मला वाटलं होतं, असं बोलताना घसा दाटतो, हात थरथरतात. काही होत नाही. तुलाही झालं नसेल. निदान तुझ्यासमोर तुझे अब्बा बसले होते. माझ्यावर कुणाचाच दाब नव्हता. सरांची गोष्ट मी पुढे करू शकते, की त्यांचा अहवाल खोटा पडला असता. ते खरं आहे, पण 'हो' म्हणताना मला त्यांची आठवण नव्हती. आता पत्र लिहिताना आली.

निकाल असा: मनकर्णा निर्दोष, परीक्षेला बसू द्यावं. जाहेदानं मैत्रिणीची झाडं चोरली आणि वर तिच्यावरच आळ घेतला, दोन वर्षं बंदी. कागद तुमच्या शहागंजच्या पत्त्यावर जाईल, म्हणजे चाचांच्या हातात पडेल. पुडी बांधता बांधता ते वाचतील. जी गोष्ट तुला मी आपण होऊन दिली होती, ती तू चोरलीस असं आता शिक्क्यानिशी ठरलंय. आणि मिळून भोगायचं म्हणालीस, ते तू एकटी भोगशील.

बाहेर आले तर बाबांनी मला जवळ घेतलं. म्हणाले, "खऱ्याला मरण नाय, मने." त्यांना घाटातली दोन ताटं माहीत आहेत. त्यांनी ती पाहिली, माझं उत्तर ऐकलं, आणि तरी हे वाक्य म्हणाले. बसमध्ये बसताना त्यांनी डोळे पुसले, ते आनंदानं की कशानं, मी विचारलं नाही.

लाठकर सर आज व्हरांड्यात भेटले. मी नमस्कार केला. त्यांनी घेतला नाही. त्यांना वाटलं असेल, आपण एक ताट उपटलं ते हिला तोंड मिटून राहता यावं म्हणून, दुसरीला चोर ठरवता यावं म्हणून नाही.

तुझं कार्ड माझ्याजवळ आहे. फाडलेलं नाही. मनात येतं, की उद्या रविवार, प्राचार्यांच्या घरी जाऊन देता येईल. बंगला इथून दहा मिनिटांवर आहे. मग मनात येतं, की उद्या उजळणी करायची आहे.

एक गोष्ट मला सारखी छळते. खणताना मी पहिला कंद काढला आणि मनात म्हणाले, हा चांगला आहे, अखंड आहे, हा जाहेदाला. दुसरा माझा, त्याचं टोक थोडं मोडलं होतं. दोन्ही खड्ड्यांत दाणे सारखेच टाकले. सरांनी उपटून फेकलं ते ताट तुझं होतं की माझं, ते मी घाटात पाहिलं नाही, आणि आता तिथं जाऊनही सांगता येणार नाही.

सोमवारी अकरा वाजता पहिला पेपर आहे. मी बसणार आहे.

मनकर्णा